खिडकीपासून चार फूट

'आमच्याकडे तुळस काही जगत नाही हो.' हे वाक्य शहरातल्या घरांत नेहमी आवाज खाली आणून बोललं जातं. वास्तूत दोष असेल, कुणाची नजर लागली असेल, घरात कुणी शिवाशिव पाळत नाही म्हणून असेल, अशा सगळ्या शंका त्या वाळक्या काड्यांभोवती घोटाळत असतात. तिसरी तुळसही गेली की घरातली वडीलधारी बाई पुढची आणायलाच कचरते.

कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. तुळस ही उन्हातली बाई. वाड्याच्या किंवा गावाकडच्या घराच्या अंगणात वृंदावन असायचं ते उघड्यावर, उंच चौथऱ्यावर. दिवसभर ऊन, चारी बाजूंनी वारा, पाणी घातलं की निथळून जाणार. तिला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आता ती येते तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. वर चौथ्या मजल्याचा स्लॅब, समोर 'बी' विंगची भिंत, मध्ये ग्रिल. सकाळी नऊ ते अकरा तिरकं ऊन मिळालं तर मिळालं. त्या कुंडीत रोज न चुकता तांब्याभर पाणी पडतं, माती कालचीच ओली असली तरी, कारण ते पाणी तहानेसाठी नसतंच, नेमासाठी असतं. वर हळद-कुंकू, आणि खोडापासून दोन बोटांवर मातीत खोचलेली पेटती उदबत्ती. हे सगळं सोसून ती टिकलीच, तर मंजिऱ्या धरते. मंजिऱ्या तोडायच्या कशा, म्हणून त्या तशाच राहतात. बी पिकलं की झाडाची ताकद त्यात जाते आणि पानं झडू लागतात. मुळात कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांच्या वर फारशी टिकत नाही. तिचं आयुष्यच तेवढं आहे.

उपाय अर्थातच आहे. मंजिरी कोवळी असतानाच खुडायची. ती देवाला वाहता येते, तेव्हा मनालाही टोचणी नाही. शेवटच्या काही मंजिऱ्या मात्र पिकू द्यायच्या आणि त्याच मातीवर चोळून टाकायच्या. पंधरवड्यात रोपांची दाटी होते. पाण्याचा नेम मोडायचा नसेल तर पळीभर पाणी घालावं, देव मोजत नाही. उदबत्तीसाठी वेगळं घर आणावं. आणि घरात ऊन येतच नसेल, तर तुळस खाली सोसायटीच्या आवारात लावावी. ती तिथं वाढेल, आणि येता-जाता नमस्कार करायला अडचण नाही.

तुळशीपासून सुरुवात केली ती मुद्दाम. घरातल्या झाडांच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ या एका कुंडीत दिसतं: उजेड कमी, आणि माया पाण्यातून व्यक्त होते. खत, माती, कीड, हवा हे सगळं नंतरचं.

झाडाच्या बाजूनं पाहिलं तर घर ही राहायला फारशी चांगली जागा नाही. वर आभाळ नाही, वारा नाही, पाऊस नाही, रात्री अकरापर्यंत दिवे चालू. दिवाणखान्यात जगावं म्हणून निसर्गात कुठलंही झाड घडलेलं नाही. नर्सरीवाला ज्यांना 'इनडोअर' म्हणून देतो ती बहुतेक घनदाट, दमट जंगलांच्या तळाशी राहणारी झाडं आहेत. डोक्यावर मोठ्या वृक्षांचं छत, त्यातून गाळून आलेला उजेड, वर्षभर ऊब. त्या कमी उजेडात भागवायची सवय त्यांना पिढ्यान्‌पिढ्या लागली आणि तीच आपल्या उपयोगी पडली. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतला, अरेका पाम मादागास्करचा, अ‍ॅग्लोनिमा आग्नेय आशियातला, झीझी पूर्व आफ्रिकेतला. रबर प्लांट तर आपलाच, ईशान्य भारतातला. मेघालयातल्या खासी आणि जैंतिया गावांनी ओढ्यांवर जे जिवंत पूल विणले आहेत ते याच झाडाच्या मुळांचे. ज्याच्या मुळांवरून माणसं नदी ओलांडतात त्याला आपण टीव्हीशेजारी दहा इंची कुंडीत उभं करतो आणि पान गळलं की तक्रार करतो.

दिवाणखान्यातली निम्मी मंडळी तर आपल्या अळवाची भावंडं आहेत. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबॅकिया, अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली, अँथुरियम, फिलोडेंड्रॉन, झीझी, सगळं एकच कूळ. सुरणही त्यातलंच. मोरीच्या सांडपाण्यावर सावलीत फोफावणारं अळू ज्यानं पाहिलंय त्याला या कुळाच्या आवडीनिवडी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. भल्या पहाटे मनी प्लांटच्या पानाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लटकलेला दिसतो, त्याला लोक दव समजतात. बंद खोलीत दव कुठून येणार? रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी झाड पानाच्या टोकातून बाहेर टाकतं. अळवाच्या पानाचंही तेच. आणि अळू खाजतं म्हणून आपण त्यात चिंच किंवा आमसूल घालतो, तो खाजरेपणाही या सगळ्या भावंडांत आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक त्यांच्या पेशींत असतात. डिफेनबॅकियाचं पान तान्ह्या मुलानं चावलं तर ओठ-जीभ सुजते, तोंडाची आग होते. घरात रांगणारं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर असेल तर या झाडाची जागा उंचावर, हे ठरवून टाकावं.

आता उजेड. इथं आपल्याला फसवतात ते आपलेच डोळे. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. झाडाखालच्या सावलीत तो दहा-वीस हजारांवर येतो. घरात, चांगल्या खिडकीच्या अगदी कडेला, थेट ऊन नसेल तर दोन-चार हजार. आणि खोलीच्या मध्यावर, सोफ्याशेजारी, जिथं कुंडी 'शोभून दिसते' तिथं शे-दोनशे. उन्हाच्या मानानं पाचशेवा हिस्सा. पण आपल्याला तो फरक पाचशे पटींचा वाटतच नाही, कारण बाहुली मोठी होते, डोळा जुळवून घेतो आणि वर्तमानपत्र आरामात वाचता येतं. पानाला तशी सोय नाही. त्याला जेवढा उजेड मिळेल तेवढंच अन्न तयार होणार.

खिडकीपासून आत सरकताना हा उजेड इतका झपाट्यानं का उतरतो? झाडाला खरा पुरवठा आभाळाचा असतो. खिडकीत ठेवलेल्या पानाला समोर मोठं आभाळ दिसतं. चार फूट आत आलं की चौकटीतून आभाळाचा तुकडाच दिसतो. आठ फुटांवर समोरच्या इमारतीची भिंत तेवढी. म्हणून कुंडी ठेवण्याआधी तिच्या पानांच्या उंचीवर आपलं डोकं न्यावं, गुडघ्यावर बसावं लागलं तरी बसावं, आणि तिथून आभाळ दिसतं का ते पाहावं. दिसत नसेल तर ती जागा फुलदाणीची. दुसरी खूण हाताच्या सावलीची: दुपारी तिथं पांढरा कागद ठेवून वर वीतभर अंतरावर हात धरायचा. बोटं वेगवेगळी ओळखू येणारी ठळक सावली पडली तर उजेड उत्तम, पुसट ठिपका पडला तर अळवाची भावंडं भागवून घेतील, सावलीच पडली नाही तर कुणीच भागवणार नाही. मोबाइलमध्ये लक्स मोजणारी अ‍ॅप्स मिळतात, पण आपला हात नेहमी चार्ज असतो.

खिडकीच्या दिशेबद्दल परदेशी पुस्तकं वाचून आपल्याकडे बराच गोंधळ झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या बागवानांच्या दृष्टीनं दक्षिणेची खिडकी म्हणजे राजा, कारण त्यांच्याकडे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. मुंबई-पुणे आहे साडेअठरा ते एकोणीस अक्षांशांवर. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शाळेतली मुलं शून्य सावली पाहायला गच्चीवर जातात तो दिवस. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन मे-जूनमध्ये दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ शिरतच नाही, आणि एरवी थंड असणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपे पट्टे येतात. डिसेंबरात उलट: दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजावर जेमतेम ४८ अंश चढतो आणि ऊन फरशीवर पाच-सहा फूट आत येतं. तेव्हा कुंड्यांनी वर्षातून दोन-तीनदा जागा बदलायला हवी, आणि आपल्याकडची दुष्ट खिडकी दक्षिणेची नव्हे, पश्चिमेची. एप्रिल-मेच्या संध्याकाळी नागपूर-अकोल्याकडच्या पश्चिम खिडकीत ठेवलेल्या अ‍ॅग्लोनिमाचं पान दोन दिवसांत कागदासारखं भाजतं.

उजेड कमी पडला तर झाड लगेच मरत नाही, हीच पंचाईत. झीझीच्या मातीखाली बटाट्याएवढे कंद असतात, जाड देठांत पाणी असतं. जिन्याखाली ठेवलेला झीझी त्या साठ्यावर महिनोन्‌महिने काढतो आणि मालक सांगतो, 'याला उजेडच लागत नाही.' तो उपाशी असतो, आणि ते दिसायला वर्ष लागतं. मनी प्लांट लवकर बोलतो. दोन पानांतलं अंतर वाढतं, पान छोटं येतं, वेल खिडकीकडे मान वळवते, आणि पिवळ्या-पांढऱ्या नक्षीचं पान हळूहळू साधं हिरवं होतं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो बसून खाणारा भाग. अंधारात झाडाला ती चैन परवडत नाही. म्हणून नक्षीदार पानांची झाडं नेहमी साध्या पानांच्या झाडांपेक्षा खिडकीच्या जवळ ठेवावीत.

पाणी या उजेडाच्या मागोमाग येतं. ज्या झाडाला भरपूर उजेड आहे ते पाणी पितं, ज्याला नाही त्याची माती ओलीच राहते. नर्सरीत विचारा, 'दादा, पाणी किती घालायचं?' उत्तर ठरलेलं: 'ताई, आठवड्यातनं दोनदा घाला, काय होत नाही.' त्या बिचाऱ्याला तुमची खिडकी माहीत नाही. तोच मनी प्लांट मेमध्ये चौथ्या दिवशी सुकेल आणि श्रावणात पंधरा दिवस ओला राहील. आपल्याकडच्या कुंड्या उन्हाळ्यात करपतात त्याहून जास्त पावसाळ्यात कुजतात असं माझं मत आहे. ढगांमुळे उजेड एकदम उतरतो, हवा दमट असल्यानं माती वाळत नाही, आणि हात मात्र मेच्या सवयीनं पाणी घालत राहतो.

मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, ती मुळांना ऑक्सिजन पुरवते. फटी सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते आणि ती काळी, बुळबुळीत होतात. आता गंमत अशी, की मुळं कुजलेल्या झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून त्याची पानं माना टाकतात. अगदी तहानलेल्या झाडासारखी. मालक ते पाहून कळवळतो आणि आणखी एक मग ओततो. म्हणून पानं लुळी दिसली की आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. कोरडी असेल तर पाणी. ओली असून झाड मलूल असेल तर कुंडी उजेडात सरकवायची आणि हात आवरायचा. ज्यांना बोट बरबटायचं नाही त्यांनी कुंडी उचलून पाहावी. पाणी घातल्यावर किती जड आणि वाळल्यावर किती हलकी, हे हाताला महिनाभरात कळतं.

पाणी निचरावं म्हणून कुंडीच्या तळाशी खापऱ्या नाहीतर विटांचे तुकडे घालायची आपली जुनी पद्धत आहे. भोकावर एक खापरी ठेवली तर माती वाहून जात नाही, तेवढं ठीक. पण चार बोटं खडीचा थर घातला म्हणजे निचरा सुधारतो, हे खोटं. बारीक माती पाणी धरून ठेवते, आणि ती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय खालच्या मोकळ्या खडीत पाणी सोडत नाही. कुंडी कितीही मोठी असो, मातीच्या तळाशी ओलीचिंब राहणारी एक पट्टी असतेच. खडी घातली की ती पट्टी नाहीशी न होता वर सरकते, थेट मुळांच्या जवळ. खात्री करायची असेल तर भांडी घासायचा जाड, आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. उंची वाढली की वरचा जास्त भाग कोरडा होतो. म्हणजेच त्याच मातीत, उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी मुळांना जास्त हवा देते, आणि खडी घालून आपण खोल कुंडी स्वतःच्या हातानं उथळ करतो.

मातीचंही तसंच. देशावरची काळी माती शेताला सोनं, कुंडीत मात्र ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा. नर्सरीतली लाल माती चार पावसांत दडपून घट्ट होते. घरातल्या झाडांना भुसभुशीत मिश्रण लागतं: माती निम्म्याहून कमी, बाकी कोकोपीट, जुनं शेणखत किंवा गांडूळखत, आणि भाताचं तूस किंवा जाडसर वाळू. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो वजनाला हलका, म्हणून नर्सऱ्या आता रोपं त्यातच वाढवतात. त्याची एक खोड आहे. पूर्ण वाळला की पाणी शोषतच नाही. वरून घातलेलं पाणी कडेनं सुळकन खाली उतरतं, ताटलीत दिसतं, आणि आपल्याला वाटतं झाड प्यालं. मधला गोळा ठणठणीत कोरडा. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी. बुडबुडे यायचे थांबले की काढावी आणि निथळू द्यावी.

कुंडी भाजक्या मातीची असेल तर तिच्या अंगातून पाणी उडतं, पाणी जास्त घालणाऱ्यांना तीच बरी. तिच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर धरला तर ते बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार असतात. ते मातीतही साचतात आणि अरेका पामच्या पानांची टोकं तपकिरी करतात. पावसाळ्यात एखादी चांगली सर आली की कुंड्या तासभर बाहेर ठेवून धुऊन घ्याव्यात. आणि खाली भोक नसलेली चकचकीत चिनीमातीची कुंडी कितीही मोहक असो, तिच्यात झाड थेट लावू नये. प्लॅस्टिकच्या कुंडीतलं झाड आत ठेवावं आणि पाणी घालताना बाहेर काढावं.

नवीन झाड घरी आलं की पहिल्या महिन्यात पानं गाळतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या पट्ट्यात ज्या मैलभर पसरलेल्या नर्सऱ्या आहेत, तिथं ते हिरव्या शेडनेटखाली, मोजून दिलेल्या खता-पाण्यावर वाढलेलं असतं. नेटखालची सावलीसुद्धा तुमच्या हॉलपेक्षा कित्येक पट उजळ. त्या उजेडासाठी बनलेली पानं नव्या घरात परवडत नाहीत, म्हणून झाड ती टाकतं आणि जमलं तर इथल्या उजेडाच्या मापाची नवी काढतं. या काळात घाईनं कुंडी बदलणं, खत घालणं, रोज जागा हलवणं, सगळं टाळावं. नर्सरीतून निवडताना फुललेलं, डौलदार झाड न घेता नुकती नवी पालवी फुटणारं घ्यावं, आणि कुंडी उलटी करून भोकातून बाहेर आलेली मुळं पांढरी आहेत का ते पाहावं.

हवा शुद्ध करणाऱ्या झाडांबद्दल थोडक्यात आटपतो, कारण त्यात फारसा दम नाही. १९८९ साली 'नासा'साठी झालेला प्रयोग छोट्या, हवाबंद पेट्यांमधला होता. आपलं घर हवाबंद नसतं. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत एरवी आपोआप होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीएवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब निघाला. खिडकी उघडणं स्वस्त. स्नेक प्लांट 'रात्री ऑक्सिजन देतो' हेही अर्धवट ऐकलेलं. तो कोरड्या प्रदेशातला, पाणी वाचवायला रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि साठवतो. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच, दिवसा.

त्यापेक्षा मनी प्लांटची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा मूळचा ताहितीजवळच्या मोरेआ बेटाचा. विकत आणला तर लागत नाही, चोरून आणावा लागतो, असं आपल्याकडे मानतात, आणि सभ्य घरांतल्या बायकासुद्धा शेजारच्या गॅलरीतली फांदी हळूच खुडतात. चोरी सोपी आहे, कारण एका पेरालाही मुळं फुटतात. पण या झाडाला दुसरा मार्गही नाही. ते जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकात बिघाड असल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. बाहेरून ते संप्रेरक फवारल्यावर झाड फुललंही. म्हणजे तुमच्या, माझ्या आणि बँकेच्या काउंटरवरच्या बाटलीतला मनी प्लांट हा फांदीवरून फांदी असा चालत आलेला आहे. तो खाली लोंबकळला की पानं लहान होत जातात, आधार देऊन वर चढवला की मोठी. बागेतल्या जुन्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यावर चढलेला पाहा: हात-हात लांब, कापलेली पानं, ओळख पटत नाही. घरात काठीला काथ्या गुंडाळून ओलसर ठेवली तर त्यातला थोडा थाट दिसतो.

किडींपैकी घरात नक्की भेटणार ते पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका दिसतो. नखानं दाबला तर गुलाबी-केशरी ओल येते. तो रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात, ढेकणांची राखण करतात, प्रसंगी एका फांदीवरून दुसरीवर नेतात. उरलेल्या चिकट्यावर काजळीसारखी बुरशी चढते. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की मुंग्यांना शिव्या न देता वर पाहावं. सुरुवातीला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं एकेक पुसून काढणं पुरतं. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, दर आठवड्याला. एसीच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतात. पान धुळकट, ठिपकेदार दिसतं आणि खाली बारीक जाळं. ओल्या फडक्यानं पानं पुसत राहणं हा त्यांच्यावरचा अर्धा उपाय, शिवाय धूळ गेल्यानं उजेडही मिळतो.

घरातली झाडं शेजाऱ्यांचाही विषय असतात. ग्रिलमधल्या कुंडीचं मातकट पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं की सोसायटीच्या सभेत झाडांचं नाव निघतं. ओल्या मातीची बारा इंची कुंडी वीस किलोंच्या पुढे सहज जाते, अशा पाच कुंड्या जुन्या गंजक्या ग्रिलवर ठेवणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्याशी खेळ. आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक डेंग्यूसाठी घरोघर येतात तेव्हा आधी कुंड्यांखालच्या ताटल्याच बघतात, ते योग्यच आहे. एडिस डासाला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ताटलीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा ताटली नुसती ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा घासावी लागते. बाटलीतला मनी प्लांट आणि पाण्यातला लकी बांबू यांनाही तोच नियम. लकी बांबू हा बांबूच नाही, आफ्रिकेतला ड्रॅसिना आहे, आणि २००१ साली दक्षिण चीनमधून कॅलिफोर्नियाला पाण्यात ठेवून पाठवलेल्या याच रोपांबरोबर एडिसचा एक परका डासही तिकडे उतरला होता.

मेमध्ये गावी जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवणं हा उत्तम उपाय, फक्त 'रोज थोडं घाला' असं सांगू नये. काकू रोज घालतील. सगळ्या कुंड्या पश्चिमेच्या उन्हातून काढून न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. मध्ये उंचावर पाण्याची बादली, बादलीतून प्रत्येक कुंडीत सुती दोरीची जाड वात, तिचं टोक मातीत दोन इंच पुरलेलं. माती वाळेल तशी ती पाणी ओढते. निघण्याच्या आधी दोन दिवस लावून पाहावी, एखादी वात सगळी बादली एकाच कुंडीत रिती करते.

एवढी उस्तवार करून मिळतं काय? मॉन्स्टेराचं नवं पान जुन्या देठाच्या खोबणीतून गुंडाळीसारखं वर येतं, फिकट, ओलसर, बोटाला मऊ. ते उलगडायला आठवडाभर घेतं, आणि भोकं त्याला आतच पडलेली असतात. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन कुठवर आलं ते पाहणारी माणसं मला भेटली आहेत, त्यांत एरवी कशाचीच वाट न पाहणारेही आहेत.

आणि मग ब्रह्मकमळ. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणून पूजतो ते मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर राहणारं निवडुंग. हिमालयातलं ते वेगळं. वर्षभर हे झाड कुणाला दाखवण्यासारखं नसतं. चपटी, लांबट, कशीही वाकलेली खोडं, पानं नाहीतच. पण उजळ खिडकी मिळाली तर पावसाळ्यात खोडाच्या कडेला कळी धरते. कळी आधी खाली लोंबते. फुलायच्या एक-दोन दिवस आधी तिचा देठ वळून टोक वर उचलतो आणि पोट फुगतं, हीच पक्की खूण. त्या संध्याकाळी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप जातो, 'आज रात्री आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलणार, या.' नऊच्या सुमाराला पाकळ्या सुटू लागतात, बाराला फूल पुरं उघडतं, रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावणारा वास जिन्यापर्यंत येतो. ज्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे तेही चपला काढून आत येतात, कुणी आरती करतं, कुणी फोटो काढतं, मुलं जागायची परवानगी मिळाली म्हणून खूश. सकाळी फूल मान टाकून लोंबतं.

दुसऱ्या दिवसापासून फांदीची मागणी सुरू होते. द्यावी. वीतभर, जाडसर, जुनं खोड कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवावं, म्हणजे कापलेली जागा सुकते आणि मातीत कुजत नाही. देताना झाडाकडचं टोक कोणतं त्यावर पेनानं खूण करावी, कारण उलटं खोवलं तर नीट मुळं धरत नाही. आणि फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतील हे आधीच सांगावं, नाहीतर पुढच्याच श्रावणात ते कुंडी घेऊन तुमच्या दारात उभे राहतील.